वाचकांचे प्रश्न : लेझर प्रिंटरवर दाट छपाई

प्रश्न : सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) आणि लॉग फाइल (संगणकाने ठेवलेल्या नोंदी) मला कागदावर वाचाव्या लागतात. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘एका कागदावर दोन पाने’ हा पर्याय निवडला की अक्षर बारीक होते आणि कोरी जागा मात्र तशीच राहते. ए-टू-पी-एस, एनस्क्रिप्ट यांसारख्या छोट्या प्रोग्रामने यात काही फरक पडतो का?

उत्तर : पडतो, कारण दोघांची कामाची रीत वेगळी आहे. प्रिंटरचे सेटिंग तयार पान समासांसकट आक्रसते. ए-फोर कागदावर दोन पाने बसवताना प्रत्येक पान सुमारे ७१ टक्के आकाराचे होते, म्हणजे १० पॉइंटचे अक्षर (एक पॉइंट म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमीटर) ७ पॉइंटवर येते आणि २५ मिलिमीटरचा समास जवळजवळ १८ मिलिमीटरचा होऊन दोन्ही पानांच्या चारही बाजूंना उरतो. मधोमध ३५ मिलिमीटरचा कोरा पट्टा दिसतो तो त्यामुळेच. हे छोटे प्रोग्राम मात्र पान आक्रसत नाहीत. ते साधा मजकूर घेऊन आडव्या कागदावर दोन रकान्यांत नव्याने मांडतात आणि त्याची पोस्टस्क्रिप्ट फाइल, म्हणजे पानाची मांडणी प्रिंटरला सांगणारी फाइल, बनवतात.

हिशेब करून पाहा. कुरियर फॉण्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी पॉइंट-आकाराच्या ०.६ पट असते. ७ पॉइंटला ती ४.२ पॉइंट झाली, म्हणून ८० अक्षरांची ओळ ३३६ पॉइंटांत, म्हणजे साधारण ११९ मिलिमीटरमध्ये मावते. असे दोन रकाने २९७ मिलिमीटरच्या आडव्या कागदावर आरामात बसतात आणि ओळींमध्ये ८ पॉइंटांचे अंतर धरले तर एका रकान्यात ६६ ओळी येतात. ए-टू-पी-एस काहीही न सांगता दोन रकाने पाडतो. एनस्क्रिप्टला मात्र ‘डॅश दोन आर’ (-2r) असे सांगावे लागते.

खरी अडचण लांब ओळींची असते. ८० अक्षरांपुढची ओळ दुमडून खाली येते आणि कोडची शिस्त बिघडते. त्यामुळे छापण्याआधी ‘डब्ल्यूसी’ (wc) ही आज्ञा ‘डॅश कॅपिटल एल’ (-L) लावून चालवावी. फाइलमधली सर्वांत लांब ओळ किती अक्षरांची आहे ते ती सांगते. ती ओळ शंभरच्या आत असेल तर ६ पॉइंटचे अक्षर पुरते. त्याहून लांब असेल तर एकच रकाना ठेवणे शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

प्रश्न : याच प्रोग्रामने मराठी टिपणे छापली तर अक्षरांऐवजी विचित्र चिन्हे उमटतात. फॉण्ट बदलूनही उपयोग होत नाही.

उत्तर : दोष फॉण्टचा नाही. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि हे जुने प्रोग्राम एक बाइट म्हणजे एक अक्षर असे धरून चालतात. शिवाय ‘कि’ साठवताना क आधी आणि वेलांटी नंतर असते, पण छापताना वेलांटी आधी यावी लागते. जोडाक्षरांचे तर विचारूच नका. ही जुळवाजुळव पँगो नावाची लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) करते आणि तिच्यावर आधारलेला ‘पॅप्स’ हा छोटा प्रोग्राम आडवा कागद व रकाने दोन्ही देतो. देवनागरीसाठी ९ पॉइंटच्या खाली जाऊ नये. रफार आणि अनुस्वार वाचताना डोळे ताणावे लागतात. स्पेस टाकून रचलेले तक्ते मात्र वाकडेतिकडे होतील, कारण देवनागरी अक्षरे सारख्या रुंदीची नसतात.

प्रश्न : अशी पाने पाठपोट छापली की मागची बाजू उलटी येते. आणि टोनर खरोखर वाचतो का?

उत्तर : आडवे पान पुस्तकासारखे उलटायचे असेल तर सेटिंगमध्ये ‘छोट्या कडेने उलटा’ हा पर्याय निवडा, वरच्या बाजूला क्लिप लावून भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे उलटायचे असेल तर लांब कड चालेल. टोनर वाचतो. उंची आणि रुंदी दोन्ही ७० टक्क्यांवर आल्या की अक्षराचे क्षेत्रफळ जवळपास निम्मे होते. ए-टू-पी-एस प्रत्येक रकान्याभोवती चौकट आणि वर शीर्षकाची पट्टी घालतो; ती नको असल्यास बंद करता येते. बारीक अक्षरासोबत प्रिंटरचा टोनर-बचत मोड मात्र लावू नका, रेषा तुटक येतात आणि तेच पान पुन्हा छापावे लागते.