एचआयव्हीची रोजची गोळी उशिरा घेतली किंवा एखाद्या दिवशी राहून गेली, तर काय करावे?

टेनोफोविर, लामिव्हुडिन आणि डोलुटेग्रावीर यांची एकत्रित गोळी तुम्ही वर्षभर रात्री नऊ वाजता घेत आहात. कामाची पाळी बदलल्यापासून ती कधी अकराला, तर कधी मध्यरात्रीनंतर घेतली जाते, आणि मागच्या आठवड्यात एक गोळी पूर्णच राहून गेली. यामुळे औषध निकामी होईल का आणि दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घ्यायला हव्या होत्या का, असे तुम्ही विचारले आहे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. एचआयव्हीची औषधे देणाऱ्या विभागात औषधनिर्माता म्हणून मी बरीच वर्षे काम करतो आणि हे दोन प्रश्न मला सतत विचारले जातात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

घड्याळाच्या काट्यावर गोळी घेण्याचा आग्रह आला कुठून, हे आधी पाहू. १९८७ साली झिडोव्हुडिन हे पहिले औषध उपलब्ध झाले, तेव्हा ते दर चार तासांनी, म्हणजे रात्री झोपेतून उठूनसुद्धा, घ्यावे लागे. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रुजली आणि रुग्ण खऱ्या अर्थाने सावरू लागले, पण त्या वेळचे इंडिनावीर दर आठ तासांनी, उपाशीपोटी आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावे लागत असे. ती औषधे शरीरातून लवकर निघून जात, त्यामुळे उशीर खरोखरच महागात पडत असे. ‘किमान ९५ टक्के गोळ्या घेतल्याच पाहिजेत’ हा आकडाही त्याच पिढीच्या औषधांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून आलेला आहे. औषधे बदलली, तरी सल्ला त्याच कडक शब्दांत दिला जात राहिला.

तुमच्या गोळीतील डोलुटेग्रावीरचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण १४ तास लागतात, आणि पूर्ण दिवस उलटल्यावरही ते विषाणूला रोखण्यासाठी लागणाऱ्या पातळीच्या बरेच वर असते. टेनोफोविरचे खरे काम रक्तात नव्हे, तर पेशीच्या आत चालते आणि तिथे त्याचे कार्यशील रूप कित्येक दिवस टिकून राहते. म्हणून नऊची गोळी बाराला किंवा दोनला घेतली गेल्याने विषाणूला डोके वर काढायला वाव मिळत नाही. नियमित घेणाऱ्याची एखादी गोळी पूर्ण राहिली तरी साधारणपणे हेच लागू पडते.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ‘नऊ म्हणजे नऊच’ असे मनावर ठसलेला माणूस रात्री साडेअकराला घरी पोहोचतो, वेळ तर निघून गेली असे म्हणून डबी तशीच ठेवून देतो आणि दुसऱ्या दिवशीच्या नऊची वाट पाहतो. अडीच तासांचा निरुपद्रवी उशीर अशा रीतीने ४८ तासांचा खंड होऊन बसतो. उशिरा घेतलेली गोळी न घेतलेल्या गोळीपेक्षा केव्हाही चांगली.

राहिलेली गोळी आठवेल तेव्हा घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळेला घ्यावी. डोलुटेग्रावीरच्या काही माहितीपत्रकांत म्हटले आहे, की पुढच्या गोळीला चार तासांपेक्षा कमी अवधी उरला असेल, तर राहिलेली सोडून द्यावी. टेनोफोविर असलेल्या कित्येक गोळ्यांच्या पत्रकांत मात्र ठरलेल्या वेळेनंतर १२ तासांची मर्यादा दिलेली असते. कंपनीगणिक आणि मिश्रणागणिक हा फरक राहतो, म्हणून तुमच्या डबीबरोबर आलेले पत्रक वाचून तीच मर्यादा लक्षात ठेवा. भरपाई म्हणून एकदम दोन गोळ्या मात्र घेऊ नका. त्याने झालेला खंड भरून निघत नाही, मळमळ मात्र वाढू शकते. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर दुसरी घ्यावी, असे टेनोफोविरच्या पत्रकात सांगितलेले असते. त्यानंतर झाली तर सहसा गरज नसते.

मग धोका कुठे सुरू होतो? ओळीने अनेक दिवस खंड पडला, किंवा आठवड्यातून दोन-तीन गोळ्या सतत राहू लागल्या, की. उपचार नसताना एचआयव्ही शरीरात रोज अब्जावधी नवे कण तयार करतो आणि प्रत्येक वेळी स्वतःची नक्कल करताना बऱ्याच चुका करतो. औषध पुरेसे असेल तर नक्कलच होत नाही. औषध अजिबात नसेल तर विषाणू वाढतो, पण औषधाला दाद न देणाऱ्या प्रकाराला त्यात विशेष फायदा मिळत नाही. घात होतो तो मधल्या अवस्थेत, जेव्हा औषध थोडेसे आहे, पण पुरेसे नाही. अशा वेळी साधे विषाणू दबतात आणि नेमके न दबणारे टिकून वाढत जातात. लामिव्हुडिन निष्प्रभ व्हायला विषाणूत एकच बदल पुरतो आणि एफाव्हिरेन्झ या एचआयव्हीच्या दुसऱ्या औषधाचेही तसेच आहे. एफाव्हिरेन्झ तर गोळी बंद केल्यावरही पुष्कळ दिवस शरीरात रेंगाळते, सोबतची औषधे आधी उतरतात आणि ते एकटेच उरते. डोलुटेग्रावीरला विषाणूने पूर्णपणे चकवणे बरेच अवघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ते २०१९ मध्ये प्राधान्याचे औषध ठरवले, त्यामागील हे एक महत्त्वाचे कारण होते. अवघड म्हणजे अशक्य नव्हे, एवढे मात्र ध्यानात असू द्या.

हे वाचून कोणी मुद्दाम सुट्टी घेण्याचा विचार करील, म्हणून सांगतो, की तो प्रयोग करून झालेला आहे. प्रतिकारशक्ती चांगली असताना औषधे थांबवायची आणि सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या ज्या पेशींवर एचआयव्ही हल्ला करतो त्या) घटल्या की पुन्हा सुरू करायची, अशी पद्धत पाच हजारांहून अधिक लोकांवर तपासली गेली. औषध थांबवणाऱ्या गटात आजार आणि मृत्यू जास्त दिसल्याने ती चाचणी वेळेआधी आवरती घ्यावी लागली आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. गोळ्या पूर्ण बंद केल्या, तर बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा मोजता येऊ लागतो, आणि विषाणू मोजता येत नसताना असलेली जोडीदाराला लागण न होण्याची खात्रीही जाते. ज्यांना हिपॅटायटिस बीसुद्धा आहे, त्यांनी तर अधिक जपावे, कारण टेनोफोविर आणि लामिव्हुडिन त्या विषाणूलाही आवरत असतात आणि ती अचानक थांबली तर यकृताला गंभीर सूज येऊ शकते.

मोठा खंड पडलाच, तर सगळ्यांनी आपल्या मनाने पुन्हा सुरुवात करू नये. नेव्हिरापिन घेणाऱ्याचा सात दिवसांहून अधिक खंड पडला असेल, तर ते पुन्हा कमी मात्रेपासून सुरू करावे लागते. अबाकावीर थांबवून पुन्हा सुरू करताना काही जणांना तीव्र ॲलर्जी होण्याचा धोका असतो, म्हणून आधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. तुमच्या गोळीत ही दोन्ही औषधे नाहीत.

वेळेपेक्षा तुम्ही सोबत काय घेता, याकडे जास्त लक्ष द्या, असे मी म्हणेन. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेले आम्लपित्ताचे औषध पोटात डोलुटेग्रावीरला बांधून ठेवते आणि ते रक्तात पुरेसे उतरतच नाही. म्हणून गोळी अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हेच अंतर लागू आहे, फक्त त्या जेवणाबरोबर घेतल्यास डोलुटेग्रावीरसोबत चालतात. रात्रपाळीत पित्त खवळणाऱ्यांची संख्या पाहता, हा मुद्दा दोन तासांच्या उशिराहून कितीतरी मोठा आहे. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन सुरू असेल, तर डोलुटेग्रावीर दिवसातून दोनदा द्यावे लागते, तेव्हा दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी ही गोळी चालू असल्याचे सांगा.

राहिलेल्या गोळीविषयी तुमच्या डॉक्टरांना जरूर कळवा. आमच्याकडे डबी उघडून ट्रेमध्ये उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात. बोलणी बसतील या भीतीने काही जण जास्तीच्या गोळ्या घरीच काढून ठेवतात आणि हिशेब अगदी चोख दिसतो. पुढे व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, वाढलेला आढळला, की सगळ्या गोळ्या घेऊनही विषाणू वाढतो आहे असा अर्थ निघतो आणि चांगले चालणारे औषध विनाकारण बदलले जाण्याची वेळ येते. खरा आकडा कळला, तर नियमितपणा सुधारून चाचणी पुन्हा करता येते आणि पुष्कळांचा व्हायरल लोड तेवढ्यानेच खाली येतो.

आता तुमच्या पाळ्यांविषयी. घरी परतण्याची वेळ सारखी बदलत असेल, तर रात्री नऊचा हट्ट सोडून, उठल्यावर दात घासल्यानंतर गोळी घेणे तुम्हाला अधिक जमेल असे वाटते. डोलुटेग्रावीरची ही गोळी जेवणाआधी किंवा नंतर कधीही चालते आणि काहींना तिच्यामुळे झोप लागत नाही, त्यांना सकाळची वेळ उलट मानवते. बदल करताना गोळी रोज दोन-दोन तास अलीकडे आणत जा, म्हणजे साधारण आठवडाभरात ती सकाळवर येईल आणि मध्ये मोठे अंतर पडणार नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा इतर औषधे चालू असतील, तर हा बदल तुमच्या औषधनिर्मात्याला विचारून करा. तोपर्यंत दोन-तीन गोळ्यांची एक लहान डबी, तिच्यावर नाव आणि तारीख लिहून, कामाच्या पिशवीत ठेवा.