‘मल्टिजेट डिके’ मराठीत कसे म्हणावे?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एका विज्ञान शिक्षिकेचा प्रश्न: दहावीपर्यंत मराठीत शिकून पीयूसीला (अकरावी-बारावीला) आलेल्या मुलांना सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत नवे जड कण कसे शोधू पाहतात, ते सांगायचे आहे. जड कण नाहीसा होऊन त्याच्या जागी कणांचे अनेक जेट सुटतात, त्या ‘मल्टिजेट डिके’ला ‘बहुजेट विघटन’ म्हटले तर चालेल का?

माझे मत: ‘बहुझोती क्षय’ म्हणा.

जेट म्हटले की आपल्याकडे सांबऱ्याच्या विमानतळावरचे विमान आठवते, नाहीतर गॅरेजवाल्याच्या हातातला कार्बोरेटरचा बारीक भोकाचा पितळी तुकडा. इथे दोन्ही नाहीत. वेगवान कणांच्या टकरीतून उसळलेला क्वार्क (प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात तो मूलकण) किंवा ग्लुऑन (क्वार्कना बांधून ठेवणारा कण) एकटा राहूच शकत नाही. त्याच्यापासून पायॉन, केऑन असे कितीतरी कण तयार होतात आणि साधारण एकाच दिशेने सुटतात. शोधकयंत्राला दिसतो तो हा जथा. ‘फवारा’ चौफेर उडतो, म्हणून तो शब्द नको. ‘झोत’मध्ये वेगही आहे आणि दिशाही. १९७९ साली हॅम्बुर्गच्या पेट्रा या कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रात तीन झोतांच्या घटना दिसल्या, तेव्हा ग्लुऑनचा पुरावा मिळाला.

बहु संस्कृत आणि झोत देशी, हा संकर कसा चालेल, असे कोणी म्हणेल. बहुपेडी आणि बहुमजली आपण रोज बोलतो की!

खरा आक्षेप ‘विघटना’ला. पाण्याचे विघटन केले की हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळतात, कारण ते पाण्यात होतेच. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या फर्मिलॅब प्रयोगशाळेला सापडलेला टॉप क्वार्क, वस्तुमानाने जवळजवळ टंगस्टनच्या अणूएवढा, नाहीसा होतो तेव्हा डब्ल्यू बोसॉन आणि बॉटम क्वार्क हे दुसरे दोन कण उरतात. ते त्याच्या पोटात बसलेले नव्हते, त्या क्षणी नव्याने जन्मले. ‘विघटन’ शिकवले तर मुलांच्या डोक्यात नेमके उलटे चित्र बसेल, आणि ते पुसायला फार जड जाते. ‘क्षया’ने आधी आजार आठवतो, हे खरे; पण किरणोत्सारामुळे तो शब्द विज्ञानात रुळला आहे, आणि कन्नडमध्येही असल्याने वर्गातल्या सगळ्यांच्या कानावरचा आहे.

वाक्यात घालून पाहा: ‘जड कणांच्या जोडीतल्या प्रत्येकाचा क्षय तीन झोतांत झाला, तर एकूण सहा झोत दिसतात.’ त्यांतल्या कोणत्या तिघांचा जनक एक, हे यंत्र सांगत नाही. सहातून वीस तिकड्या निघतात. प्रत्येकीच्या ऊर्जा आणि संवेगावरून वस्तुमान काढायचे. नेहमीच्या टकरींतूनही असे झोत भरमसाट निघत असल्याने या वस्तुमानांचा आलेख एकसारखा उतरत जातो. त्यावर एखाद्या वस्तुमानाशी उंचवटा आला, तरच नव्या कणाची शंका घ्यायची. ‘तिकडी’ आणि ‘उंचवटा’ हे शब्दही फळ्यावर खुशाल लिहा.