घरी बरण्या सीलबंद करायला खात्रीची झाकणं कोणती? दर वेळी दोन-चार तरी सुटतातच

दर वेळी दोन-चार झाकणं सुटतात आणि घरचे म्हणतात की तुम्हाला ती नीट लावता येत नाहीत, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. त्या घरच्यांच्या वाक्यासाठी मी हे उत्तर लिहितेय. झाकण सुटलं की आधी लावणाऱ्याच्या हाताला नावं ठेवायची, हे मी पुरतं सोसलंय.

आमच्याकडे मोठ्या दिरांनी एकदा झाकणांचं भलंमोठं पाकीट आणलं, स्वस्तात मिळालं म्हणून. त्यावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना बॅच नंबर. चकत्या (झाकणाचा सपाट पत्रा; तो धरून ठेवायला वरून वेगळी रिंग लागते) आत सुट्या, एकमेकींवर घासत पडलेल्या. माझी नेहमीची झाकणं थोडी शिल्लक होती. त्या दिवशी टोमॅटो खूप होते, त्यामुळे निम्म्या बरण्यांना माझी झाकणं लागली आणि निम्म्यांना त्यांची. रस एकाच पातेल्यातला, बरण्या एकाच मापाच्या, हात माझेच, आणि उकळत्या पाण्यातला वेळही सगळ्यांना सारखाच. गार होताना टक् टक् आवाज आले. दुसऱ्या दिवशी रिंगा काढून प्रत्येक झाकण मधोमध दाबून पाहिलं, एकही लवलं नाही. महिन्याभराने कपाट उघडलं तर आंबूस वास! नव्या पाकिटातली बरीच झाकणं सैल झाली होती, एका बरणीतला रस पाझरून फळीवर वाळला होता. माझ्या जुन्या झाकणांच्या बरण्या जशाच्या तशा.

भाऊजी लगेच म्हणाले, "तुझ्या हाताला जोरच नाही. झाकण कसं करकचून आवळायला हवं!" सासूबाईंनी मान डोलावली. टोमॅटो फेकावे लागले त्यापेक्षा मला ते जास्त लागलं.

मी सुटलेली चकती धुतली आणि उजेडात उलटी धरली. कडेच्या खोबणीत रबरासारखा जो थर असतो (प्लॅस्टिसॉलचा), तो एका अंगाला जाड होता आणि दुसऱ्या अंगाला इतका पातळ, की खालचा पत्रा दिसत होता. बरणीच्या काठाचा ठसा नेमका तिथेच तुटलेला. आतल्या लेपावर ओरखडे होते आणि तेवढ्या जागी आंबट रसाने पत्रा काळा पडला होता. माझ्या जुन्या चकतीवर मात्र थर सगळीकडून सारखा आणि ठसा पूर्ण गोल. दोन्ही चकत्या भाऊजींच्या हातात दिल्या. त्यांनी पाहिल्या आणि म्हणाले, "पुढच्या वेळी मी आवळतो, मग बघू."

पुढच्या वेळी त्यांनी खरोखरच फडकं धरून सगळी ताकद लावून आवळली. बरण्या पाण्यातून बाहेर काढल्या तेव्हा काही चकत्यांना कडेला चुणी पडली होती, पत्रा वर उचलला गेला होता. त्यावर त्यांचं म्हणणं, पत्राच हलका.

आता या वादाचा निकाल एकदाचा लावते, कारण तुमच्या घरीही हाच वाद असणार. १८५८ साली जॉन मेसन यांनी आट्यांच्या बरणीचं पेटंट घेतलं. तसल्या बरण्यांवर झाकण आणि रबर वेगवेगळं लागायचं, तेव्हा आवळण्याला अर्थ होता. १९१५ मध्ये अलेक्झांडर केर यांनी सपाट चकतीलाच सीलचा थर लावला आणि ती धरून ठेवायला वेगळी रिंग दिली. आज आपण वापरतो ती रचना हीच. यात सील करतो तो बाहेरच्या हवेचा दाब, रिंग नाही. बरणी तापते तेव्हा आतली हवा चकतीखालून बाहेर निसटते. गार होताना आतलं आकसतं, पोकळी तयार होते आणि चकती खाली ओढली जाते. तुम्ही रिंग करकचून आवळली तर हवेला वाटच उरत नाही, मग चकती वाकते, कधी बरणीही तडकते. बोटांच्या टोकांनी फिरवून जिथे अडेल तिथे थांबायचं, बस्स. एवढ्या जोराला कोणाचाही हात पुरतो.

म्हणून झाकणं घेताना ताकद बाजूला ठेवा आणि चकती उलटी करून बघा. थर सगळीकडे सारखा हवा, लेप अखंड हवा, चकती सपाट जमिनीवर डुगडुगता कामा नये. सुटी, बिननावाची झाकणं फुकट मिळाली तरी घेऊ नका. २०२० मध्ये अमेरिकेत घरी बरण्या भरणारे एकदम वाढले, झाकणांचा तुटवडा पडला आणि नकली मालही विकला गेला. तेव्हा ओळखीचं नाव छापलेलं असलं तरी पाकिटाची छपाई आणि विकणारा दोन्ही पारखून घ्या. शक्यतो बरणी ज्या कंपनीची, झाकणही तिचंच. मापातही गफलत होते: नेहमीच्या तोंडाला ७० मिलिमीटर, रुंद तोंडाला ८६. उन्नीस-बीस चालत नाही.

चकती एकदाच वापरायची. थरात एकदा ठसा उमटला की तो दुसऱ्या काठाशी जुळत नाही. रिंगा गंजेपर्यंत वापरा. जाम-सॉसच्या विकतच्या बाटल्यांची एकसंध झाकणं परत लावू नका, मग ती कितीही धडधाकट दिसोत. न वापरलेली चकती बनवल्यापासून साधारण ५ वर्षं चांगली राहते, त्यामुळे स्वस्त दिसली म्हणून कपाट भरून घेण्यातही अर्थ नाही. आणि गरम बरणी उलटी ठेवली की सील बसतं, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. भाऊजी अजून सांगतात.

तुमच्या बाबतीत झाकणंच वाईट असतील असं मात्र मी छातीठोकपणे म्हणत नाही. बरणीच्या काठावरून बोट फिरवा, टवका लागला तर ती बरणी कोरड्या सामानाला ठेवा. काठ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसताय ना? वर मोकळी जागा सोडताय ना? जामला पाव इंच, टोमॅटोला अर्धा. भरल्यावर १२ ते २४ तास बरणीला हात लावायचा नाही. तेवढ्यात सील बसलं नाही तर नवी चकती लावून २४ तासांच्या आत पुन्हा प्रक्रिया करा, नाहीतर सरळ फ्रिजमध्ये ठेवून संपवा.

हे आधी सांगायला हवं होतं: झाकण पक्कं बसलं म्हणून आतलं खाण्याजोगं ठरत नाही. भाज्या, डाळी, मांस अशा कमी आंबट पदार्थांना (सामू, म्हणजे pH, ४.६ च्या वर) उकळतं पाणी पुरत नाही, प्रेशर कॅनरमध्ये (बरण्यांसाठीचा मोठा प्रेशर कुकरच म्हणा) ११६ अंश सेल्सियस लागतात. बोट्युलिझमच्या (अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेच्या) जंतूंचे बीजाणू १०० अंशांना मरत नाहीत आणि हवाबंद बरणी त्यांना फावते. त्यांचा वास येईलच असं नाही. टोमॅटो काठावरचे असतात, म्हणून अर्ध्या लिटरच्या बरणीत बाटलीतल्या लिंबूरसाचा एक मोठा चमचा घालतात.

पुढच्या वेळी निम्म्या बरण्यांना आताची झाकणं लावा, निम्म्यांना नव्या पाकिटातली, आणि चकतीवर मार्करने खूण करा. ज्यांना तुमच्या हातांविषयी शंका आहे, त्यांना त्या वेळी समोर बसवा.