पहिल्यांदाच ऊसतोडीच्या टोळीत लसीकरणाला जाणार असशील तर

ताई, आधी एक सांगते, सकाळी अकराला फडावरच्या कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, जाऊ नको. माणसं पहाटेच उसात गेलेली असतात, मागं एखादी म्हातारी आणि शेंबडी पोरं. मी पहिल्या सीझनला पंढरपूरकडं असंच केलं, दोन तास बसून लसींचा बॉक्स तसाच परत आणला. संध्याकाळी चुली पेटल्या की जा, नाहीतर टोळीच्या मुकादमाला आदल्या दिवशी फोन टाक, त्यानं हो म्हटलं की अर्धं काम झालं.

सुरुवातीला एवढंच बघ:
- लसीकरणाचं कार्ड गावाकडं राहिलंय म्हणून पोराला परत पाठवू नको. आईला विचार, दंडावर बीसीजीचा (क्षयाच्या लसीचा) व्रण बघ, नवीन कार्ड कर. लस कुठली द्यायची ते सिस्टर ठरवतील.
- गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिन्यांनंतर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दुसरा हमखास राहतो, कारण तोवर टोळी हललेली असते.
- ताप येऊ शकतो हे आधीच सांग. लपवलंस आणि रात्री पोर फणफणलं, आईचा एक दिवसाचा खाडा पडला, की पुढच्या वेळी तुला बघून सगळ्या कोप्यांची दारं बंद.

कार्डाचा फोटो आईच्या मोबाईलवर काढून दे, कागद पावसात, चिखलात जातो. बंजारा तांड्यावरची माणसं असतील तर त्यांच्यातलीच एखादी बाई सोबत घे, आपलं मराठी त्यांना कळतं पण विश्वास त्यांच्या गोरमाटी बोलीत बसतो.

यू-विन (लसीकरणाची ऑनलाइन नोंद) वगैरे नंतर शिकशील, आधी दोन-तीन टोळ्या फिर.