तिला 'नाही' म्हणणारा माणूस दे

प्रिय मुली,

तुझी कादंबरी परवा रात्री वाचायला घेतली ती एका बैठकीत संपवूनच उठले, आणि आधी हेच सांगते की मला ती मनापासून आवडली. बटणांचा कारखाना ही तर फारच छान निवड आहे. अशा प्रेमकथांना लोक हॉटेल देतात नाहीतर फुलांचं दुकान देतात, तिथे सगळं आपोआप सुंदर दिसतं ना, आणि तू बटण घेतलंस, जे शाबूत असताना कुणी बघत नाही आणि तुटलं की माणूस दारातच अडकून पडतो. नायिका पण गोड आहे. नवरा तिला फसवतो, वडिलांनी उभा केलेला कारखाना बुडायला आलाय, ती रडत रडत उठते आणि कामाला लागते, मध्येच एक चांगला माणूस भेटतो. मला हवंय हे सगळं. म्हणूनच एवढं लांब लिहितेय.

पहिली गोष्ट, कारखाना वाचतो तो कसा वाचतो ते मला कळलंच नाही. ती कामगारांसमोर भाषण करते, टाळ्या होतात, पुढच्या प्रकरणात एक मोठी ऑर्डर येते आणि संकट संपतं. अगं, मी लिहायला लागायच्या आधी बरीच वर्षं हिशेब लिहिलेत, तुला खात्रीने सांगते की अडचणीतल्या धंद्याला मोठी ऑर्डर वाचवतेच असं नाही, कधीकधी तीच बुडवते. हिशेब करून बघ. तिने रेझिन, म्हणजे बटणं ज्याची बनतात तो कच्चा माल, घेतलं, पैसे ३० दिवसांत द्यायचेत. माल बनून, पॉलिश होऊन, पॅक होऊन बाहेर पडायला ४५ दिवस. गिऱ्हाईक माल मिळाल्यावर ६० दिवसांनी पैसे देणार. म्हणजे १०५ दिवसांनी पैसा हातात आणि द्यायचा ३० व्या दिवशी, मधले ७५ दिवस तिने काढायचे कुठून? ऑर्डर जितकी मोठी तितका हा खड्डा मोठा. म्हणजे तुझी ती टाळ्यांची ऑर्डर हीच खरं तर गोष्टीतली सगळ्यात भीतीदायक बातमी असायला हवी! नायिका आनंदाने उड्या मारतेय आणि म्हातारे हिशेबनीस गप्प बसलेत, ते का गप्प आहेत हे तिला रात्री कळतं. बघ, सीन तिथेच तयार झाला.

बुडते धंदे सावरणारी माणसं आल्या आल्या पहिल्यांदा काय करतात माहितीय? पुढच्या १३ आठवड्यांचा रोकडीचा तक्ता मांडतात. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. कुठल्या आठवड्यात किती येणार, किती जाणार, शेवटी हातात काय उरणार, बस. नफा-तोटा नंतर. तिला हा तक्ता भिंतीवर लावू दे आणि तुझी कादंबरी त्या तेरा आठवड्यांत बसव. सध्या तुझ्याकडे काळ नुसता वाहतोय, 'काही महिने गेले' असं चार वेळा आलंय, मी मोजलं. तेरा आठवडे दिलेस की प्रत्येक प्रकरणाला आपोआप घाई येईल, सातव्या आठवड्याचा रकाना उणे आहे हे वाचकाला पहिल्या आठवड्यापासून दिसत राहील, आणि तो चांगला माणूस तिला बरोब्बर सातव्या आठवड्यात आवडायला लागला तर आणखीच मजा, कारण तेव्हा तिला प्रेमात पडायला अजिबात वेळ नाहीये.

तिला सुरुवातीला काही येत नाही हे तू दाखवलंयस ते चांगलं केलंस, पण मग तिला शिकताना पण दाखव ना. माझ्या समोर घडलेलं सांगते. एका मालकांच्या पत्नी पहिल्यांदा हिशेबाला बसल्या, त्यांना कधी कुणी वहीला हात लावू दिला नव्हता, आणि त्यांनी मला हळूच विचारलं, "येणी म्हणजे आलेले पैसे की यायचे?" मी म्हटलं यायचे. त्या एकदम शांत झाल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे हे सगळं अजून यायचंच आहे?" इतकी वर्षं तो आकडा ऐकून त्यांना वाटत होतं की आपण सुखात आहोत. तो प्रश्न मी कधी विसरले नाही. असे खरे अडाणी प्रश्न तिच्या तोंडी घाल, वाचक हसेल पण तिला हसणार नाही, तिच्या बाजूने हसेल. आणि बटणाचं माप लाईनमध्ये मोजतात, ४० लाईन म्हणजे एक इंच, म्हणजे २४ लाईनचं बटण साधारण १५ मिलीमीटरचं. पहिल्या आठवड्यात तिला हे माहीत नको. बाराव्या आठवड्यात तिने खिशात हात घालून नुसत्या बोटाने सांगावं, हे अठरा लाईनचं. ती बदलली असं तुला मग लिहावं लागणार नाही.

आता फसवणूक. तुझ्याकडे तिला ते मोबाईलवरच्या मेसेजवरून कळतं. सगळीकडे असंच कळतं आणि वाचकाने ते इतक्या वेळा वाचलंय की त्याला काही वाटत नाही. तुझा नवरा नुसता बायकोला फसवत नाहीये, तो कारखान्याच्या पैशालाही हात लावतोय, मग धंद्यातली फसवणूक जशी उघड होते तशी होऊ दे. अफरातफरीचा तपास करणाऱ्यांची असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स म्हणून संघटना आहे, त्यांच्या २०२४ च्या अहवालात ४३ टक्के प्रकरणं कुणीतरी येऊन सांगितल्यामुळे उघडकीला आलेली आहेत, आणि सांगणाऱ्यांत निम्म्याहून जास्त तिथलेच कर्मचारी. म्हणजे कुणीतरी बिचारा कितीतरी दिवस मनात ठेवून झोप घालवत असतो. तुझ्या कारखान्यात तो माणूस कोण? मला वाटतं पॉलिशच्या ड्रमवर रात्रपाळीला असणाऱ्या बाई. ड्रम रात्रभर फिरत असतात, त्या जाग्या असतात, कोण कधी ऑफिस उघडतं, कोणाबरोबर येतं, काय घेऊन जातं ते त्या बघतात. त्या येऊन सांगतात तो सीन लिही. त्यांना नोकरीची भीती, हिला लाज, दोघी बटणांच्या पोत्यांवर बसलेल्या आणि बाजूला ड्रमचा खळखळ आवाज. नवऱ्याचं सगळं पाप त्या सीनमध्ये एका वाक्यात येऊन जाईल.

तुझ्या पत्रात एक काळजी होती, की तिला इतके दिवस कळलं नाही म्हणजे वाचकाला ती मूर्ख वाटेल. नाही वाटणार. जेनिफर फ्रेड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी याच गोष्टीवर काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की ज्याच्यावर आपलं सगळं अवलंबून असतं त्याने केलेला घात माणसाला बरेचदा दिसतच नाही, कारण दिसला तर नातं मोडावं लागेल आणि नातं मोडलं तर आधारच जाईल. मन न बघून स्वतःला सांभाळतं. तिला घर, कारखाना, वडिलांचं नाव सगळं त्याच एका माणसामार्फत मिळत होतं, मग तिला कसं दिसणार गं? हे तिच्या तोंडून समजावून मात्र सांगू नकोस. एखादी पावती तिने कधीतरी हातात घेऊन परत ठेवली होती एवढंच आधी येऊ दे.

आणि कायद्याच्या बाबतीत गोष्ट कुठल्या देशात घडते ते ठरवून तिथलं नीट वाच, कारण सहीचा अधिकार कुणाला, भागीदाराने घेतलेलं कर्ज दुसऱ्याच्या अंगावर येतं का, जामीनदार म्हणून तिची सही आहे का, यावर तुझं अर्धं कथानक उभं आहे. पण बँकेला लेखी कळवून सह्या बदलणं हे तिने पहिल्याच आठवड्यात करायला हवं, तुझ्याकडे ते विसाव्या प्रकरणात येतं, तोपर्यंत मी नुसती धास्तावून वाचत होते.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. तुझा नायक. तो मोठ्या गिऱ्हाइकाकडचा माल तपासणारा माणूस आहे, आणि तिच्यावर जीव जडल्यामुळे तो तिचा खराब लॉट पास करतो. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण तुझ्या हातात सोन्यासारखी जागा होती. ही बाई कुठून आलीय? तिच्या नवऱ्याने तिला वर्षानुवर्षं काय सांगितलं? 'सगळं ठीक आहे, तू काळजी करू नकोस.' आणि तू तिला दुसरा पुरुष दिलास तो पण हेच म्हणतोय, सगळं ठीक आहे, मी बघतो! मग तिच्या आयुष्यात बदललं काय?

त्याने तो लॉट नाकारायला हवा.

आणि त्याला सुंदर कारण आहे. काही रंग असे असतात की एका उजेडात कापडाशी हुबेहूब जुळतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसतात, मेटामेरिझम म्हणतात त्याला. म्हणून तपासणारे लोक लाईट बॉक्स वापरतात, त्यात वेगवेगळे दिवे असतात, एक दिवा डी-६५ म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा. तिच्या ट्यूबलाईटखाली बटण आणि कापड एकजीव दिसतंय, ती खूश आहे, सातवा आठवडा आहे, हा लॉट गेला तरच पगार होणार आहेत. तो लाईट बॉक्सचं बटण दाबतो, उजेड बदलतो, आणि दोघांनाही फरक दिसतो. तो तिच्याकडे न बघता म्हणतो, "हे नाही चालणार." तिला भयंकर राग यायला हवा. तिने त्याला हाकलून द्यावं. मग रात्री एकटीने ती चार उजेडांत ते बटण धरून बघते आणि तिला कळतं की तो बरोबर होता, आणि खूप वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला खरं सांगितलं, तेही आपण नाराज होऊ हे माहीत असताना. माझ्या मते ती तिथे प्रेमात पडते. तिथे लिहू नकोस तसं. ती फक्त सकाळी त्याला फोन करून विचारते की शेड नेमकी कुठल्या बाजूला गेलीय.

आपल्याकडे 'पत' हा शब्द किती मोठा आहे बघ, उधारी मिळायची ती पत आणि माणसाची चार लोकांत असते ती पण पतच. नवऱ्याने दोन्ही घालवल्या. तिची ती परत येताना दाखवायची तर खराब लॉट नाकारला जाणं, तो तिने स्वतःच्या खर्चाने नव्याने बनवून देणं, आणि त्यानंतर रेझिनवाल्याने तिच्या शब्दावर पंधरा दिवस जास्त देणं, असा तो रस्ता आहे. त्यात नायक तिला वाचवत नाही. तो खरं बोलतो, ती काम करते.

हलकंफुलकं कसं ठेवायचं असं तू विचारलंयस. तुझे सध्याचे विनोद नवऱ्याच्या 'त्या' बाईच्या कपड्यांवर आणि वजनावर आहेत, ते सगळे काढ. तिची थट्टा केली की आपली नायिका लहान होते. हसू कामातून येऊ दे. पॉलिस्टरचं बटण कसं होतं माहितीय ना, पातळ रेझिन फिरत्या ड्रममध्ये ओततात, त्याची जाड चादर होते, आणि ती रबरासारखी मऊ असतानाच त्यातून गोल चकत्या पाडून घ्याव्या लागतात, कडक झाली की गेली. म्हणजे त्या वेळात कुणीही थांबू शकत नाही. आता नवरा माफी मागायला नेमका तेव्हाच येऊ दे. तो आयुष्यातलं सगळ्यात भावुक भाषण करतोय आणि ती म्हणतेय बाजूला सरक, ती टोपली दे, हां बोल पुढे, आणि बोलता बोलता तोही टोपल्या उचलायला लागतो कारण तिथे उभा राहिलेला प्रत्येक जण लागतोच. मी हे तुला लिहितानाही हसतेय. आणि त्याच सीनमध्ये तिला जाणवतं की हा माणूस आता आपल्याला दुखवू शकत नाही.

त्याला परत घ्यायचं का, हा तुझा शेवटचा प्रश्न. १९३० आणि ४० च्या दशकातल्या हॉलिवूडच्या विनोदी सिनेमांत मोडलेली जोडपी शेवटी परत एकत्र यायची, तो एक प्रकारच होता, आणि १९३४ पासून तिथे सेन्सॉरचे नियम कडक झाल्यामुळे लग्नाबाहेरचं प्रेम मोकळेपणाने दाखवताही येत नव्हतं. तुझ्यावर तसलं काही बंधन नाही. रोमान्सच्या वाचकाला दोन गोष्टी लागतात, मध्यभागी प्रेमकथा आणि शेवटी मन भरेल असा आशेचा शेवट. त्यात लग्न झालंच पाहिजे असं कुठे नाहीये. तुझ्या शेवटच्या प्रकरणातली अंगठी मला नको वाटते, तेरा आठवड्यांत ती बाई अंगठीपर्यंत पोचणार नाही, पोचली तर मला तिची काळजी वाटेल. त्याऐवजी तेराव्या आठवड्यात तो नवीन लॉट तपासायला येतो, तिने आधीच खिडकी उघडून ठेवलीय, बटण आणि कापड घेऊन दोघं उन्हात उभे राहतात, आणि या वेळी 'चालेल' असं ती म्हणते, त्याच्या आधी.

सातवं प्रकरण, लॉट नाकारण्याचं, ते सगळ्यात आधी नव्याने लिहून मला पाठव. बाकीची घाई नाही. आणि ड्रमवरच्या बाईंना नाव दे गं, सध्या त्या नुसत्या 'एक कामगार' आहेत.

तुझी,
मावशी