सर्वांच्या सभेतील प्रार्थना
इंदूरच्या नागरी सभेत प्रार्थना म्हणण्याचे काम प्रथमच तुमच्याकडे आले आहे, तेव्हा समोर मराठी मंडळींबरोबरच माळवी, सिंधी, बोहरा, जैन आणि देव न मानणारेही श्रोते असतील, हे ध्यानात ठेवावे. माझ्या मते पसायदानाइतका उत्तम आधार दुसरा नाही. ज्ञानेश्वरीच्या १८व्या अध्यायाच्या शेवटी येणाऱ्या या ९ ओव्यांत मागणे विश्वात्मक देवापाशी आहे आणि दुष्टांचा नाश न मागता त्यांचा दुष्टपणा सरावा, एवढेच मागितले आहे. तेराव्या शतकातील ती मराठी अनेकांना कळणार नाही, म्हणून आधी हिंदीतून थोडक्यात आशय सांगावा. त्याचे प्रवचन मात्र होऊ देऊ नये.

स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायची असेल, तर ‘आम्ही सारे’ न म्हणता ‘मी’ म्हणावे, कारण वेगळी श्रद्धा असणाऱ्यांच्या तोंडी आपले शब्द घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. कोणालाही उभे राहण्याची सक्ती नको. सभेवर छाप पाडण्याची इच्छा मनात असली की ती आवाजात उमटतेच, यासाठी आदल्या दिवशी तीच प्रार्थना घरी एकट्याने, खरोखरच देवाशी बोलण्यासाठी म्हणावी.