कोल्हापुरात राहून दोन कोटींची परफॉर्मन्स एसयूव्ही घ्यावी का?

आपला प्रश्न असा आहे की, शिरोली एमआयडीसीत आपला कारखाना आहे, दोन कोटींपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे, घरातून विरोध नाही. अशा वेळी व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची, सहाशे अश्वशक्तीची आलिशान एसयूव्ही घेणे योग्य ठरेल का? मी गोकुळ शिरगावला मशीन शॉप चालवतो. अशाच प्रकारची एक गाडी मी चार वर्षे वापरली आणि गेल्या वर्षी विकली. माझे मत आधीच सांगतो. आपल्याला त्या इंजिनाचाच ध्यास असेल तर गाडी जरूर घ्या. आराम, सुरक्षितता, समाजातला मान किंवा कंपनीच्या नावावर कर वाचवणे यांपैकी काही कारण असेल, तर त्याच गाडीचे सहा सिलिंडरचे मॉडेल घ्या.

या गाड्यांची जी किंमत आपण मोजतो, ती मुख्यतः वेग पकडण्याच्या क्षमतेची असते. ऑडीची आरएस क्यू-८ उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.८ सेकंदांत गाठते, लॅम्बोर्गिनी उरूस ३.६ सेकंदांत. आपल्याकडे २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार चौपदरी दुभाजित रस्त्यावर मोटारीची कमाल वेगमर्यादा १०० आहे आणि द्रुतगती मार्गावर १२०. म्हणजे टोलनाक्यावरून बाहेर पडून आपण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर चार सेकंदांत कायदेशीर आनंद संपतो आणि उरलेला प्रवास बाकीच्या मोटारींच्याच वेगाने करायचा असतो. आता दुसरी बाजू पाहा. बीएमडब्ल्यूच्या एक्स-५ एम कॉम्पिटिशनमध्ये ४.४ लिटरचे, ६२५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन असून तीही ३.८ सेकंदांत १०० गाठते. त्याच एक्स-५ चे तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे, ३८१ अश्वशक्तीचे पेट्रोल मॉडेल हेच काम ५.४ सेकंदांत करते. फरक १.६ सेकंदांचा. त्यासाठी एक्स-शोरूम किंमत मात्र जवळपास दुप्पट मोजावी लागते.

हा फरक अगदीच निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. ऊस हंगामात राधानगरी किंवा गगनबावड्याच्या दुपदरी रस्त्याने आपण गेला असाल, तर दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे रांगेत अडकणे म्हणजे काय हे मी सांगायला नको. समोरचा रस्ता मोकळा दिसला की अशी गाडी पाहता पाहता त्या लांब धुडाच्या पुढे जाते आणि विरुद्ध बाजूच्या मार्गिकेत आपण फार थोडा वेळ राहतो. हा लाभ खरा आहे. तथापि, समोरचे किती दिसते यावर ओव्हरटेक ठरतो, आणि दृष्टी काही इंजिन वाढवून देत नाही. रात्री मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशी ट्रॉली अचानक समोर येते तेव्हा उपयोगी पडतात ते ब्रेक, टायर आणि चालकाचा संयम. सव्वादोन टनांची गाडी १०० ऐवजी १४० ने चालवली, तर तिला थांबवताना जवळपास दुप्पट ऊर्जा ब्रेकना जिरवावी लागते. उरूसला पुढे ४४० मिलिमीटर व्यासाच्या कार्बन-सिरॅमिक ब्रेक डिस्क त्यासाठीच दिल्या आहेत, आणि त्या बदलण्याचा खर्च ऐकला की घरात शांतता पसरते.

ज्या गोष्टीने मला सर्वाधिक मनस्ताप दिला ती म्हणजे टायर. एक्स-५ एमच्या मागच्या चाकांना ३१५/३० आर-२२ मापाचे टायर असतात. ३१५ मिलिमीटर या रुंदीचे ३० टक्के काढले तर टायरच्या भिंतीची उंची साडेचौऱ्याण्णव मिलिमीटर येते. फॉर्च्युनरच्या २६५/६० आर-१८ टायरची हीच भिंत १५९ मिलिमीटरची असते. खड्ड्याचा दणका आधी ही भिंत सोसते. ती जितकी कमी, तितका तो थेट रिमवर जातो. माझ्या गाडीचे टायर साधारण याच जातीचे होते. पावसाळ्यातल्या एका रात्री महामार्गाच्या कामासाठी काढलेल्या वळणरस्त्यावर पाण्याने भरलेला खड्डा मला दिसला नाही. एका टायरला फुगा आला, रिमला तडा गेला, आणि त्या मापाचा टायर कोल्हापुरात कोणाकडेच नसल्यामुळे तो बाहेरून मागवावा लागला. तोवर आठ दिवस गाडी जागेवरून हलली नाही. शिवाय मागच्या आसनावर बसलेल्या माझ्या वडिलांच्या कमरेला रस्त्याचा प्रत्येक सांधा जाणवत असे. ते बिचारे बोलत नसत, पण गावाला जाताना घरातली जुनी इनोव्हा काढायला सांगत. दोन कोटींच्या गाडीत वडील बसायला नाखूश असतील तर त्या आरामाला अर्थ काय, हा विचार मला तेव्हा पहिल्यांदा आला. कंपनी परवानगी देत असेल तर लहान रिम आणि उंच भिंतीचे टायर निवडा; दिसायला थोडे कमी भारदस्त वाटेल, पण आपल्या रस्त्यांवर तेच शहाणपणाचे आहे.

पैशाचा हिशेब मी कारखान्यातल्या यंत्राचा करतो तसाच इथेही केला. एक्स-शोरूम दोन कोटींची, भारतात जोडणी झालेली पेट्रोल गाडी वैयक्तिक नावावर घेतल्यास महाराष्ट्रात १३ टक्क्यांप्रमाणे २६ लाख रुपये वाहन कर होतो. कंपनीच्या नावावर किंवा आयात गाडीवर हाच दर २० टक्के आहे. फक्त जुलै २०२५ पासून कमाल मर्यादा ३० लाखांची असल्याने आकडा तिथे थांबतो. विम्याच्या तक्त्यानुसार चौथे वर्ष उलटून पाचवे लागले की घोषित मूल्यातून, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीतून, ५० टक्के घसारा वजा होतो. बाजारात याच प्रमाणात किंमत मिळाली असे धरले, तर एक कोटी हातात येतात आणि एक कोटी सव्वीस लाख जातात. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरून पाच वर्षांत पन्नास हजार किलोमीटर होतील. म्हणजे पेट्रोल, टायर, विमा व सर्व्हिसिंग यांच्या आधीच दर किलोमीटरला २५२ रुपये. एकदा पुण्याला पोहोचायचे म्हणजे सुमारे ५८ हजार. हा आकडा कागदावर लिहून आठवडाभर टेबलावर ठेवा आणि तरीही मन मागे हटले नाही, तरच पुढे जा.

‘कंपनीच्या नावावर घेतली की फुकटच पडते’ असे उद्यमनगरात अनेक जण सांगतात. ते खरे नाही. अशा प्रवासी मोटारीवरील जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, आपल्यासारख्या उत्पादकाला मिळत नाही. आयकरात दरवर्षी शिल्लक मूल्यावर १५ टक्के घसारा मिळतो, एवढेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के उपकर यांऐवजी सरसकट ४० टक्के जीएसटी लागू झाला. त्यामुळे किंमत सुमारे साडेसहा टक्क्यांनी उतरली असली, तरी न लागणारी गाडी घेण्यासाठी ते कारण पुरेसे नाही.

इंधनाबद्दल थोडक्यात सांगतो. राजारामपुरी ते महाद्वार रोड अशा गर्दीत माझी गाडी लिटरला पाच किलोमीटर देत असे आणि महामार्गावर आठ. वापरलेली गाडी घेत असाल तर ती ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालते का, हे टाकीच्या झाकणाखालच्या स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये आवर्जून पाहा.

पुराचा विचार मात्र आपल्याला करावाच लागेल, कारण आपला कारखाना शिरोलीत आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पाण्याने तिथला महामार्ग बंद पडला होता, हे आपण जवळून पाहिले असेल. उंच दिसणारी प्रत्येक एसयूव्ही पाण्यातून जाण्यासाठी बनवलेली नसते. हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये शिरले की, पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपते. हे नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड घ्यावी लागते. ती जोड न घेता ही गाडी आपण कोल्हापुरात ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

इतके सगळे लिहूनही मला त्या चार वर्षांचा पश्चात्ताप नाही. हिवाळ्यातल्या पहाटे गगनबावड्याच्या चढाला रस्ता रिकामा असताना त्या इंजिनाचा खोल आवाज आणि वळणातून बाहेर पडताना पाठीला मिळणारा तो रेटा मला आजही आठवतो. दसरा चौकात शाही सोहळ्यासाठी छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते तेव्हा लहान मुलासारखा पाहत उभा राहणारा मी माणूस आहे. यंत्रावरचे प्रेम मला समजते. परंतु वर्षातून अशा पहाटा मला आठ-दहाच लाभल्या. केवळ वेगाची ओढ असेल तर आधी मोहिते रेसिंग अकादमीच्या कार्टिंग ट्रॅकवर काही रविवार घालवा. मर्यादेत राहून गाडी पूर्ण ताकदीने चालवण्याचे समाधान तिथे कितीतरी कमी पैशांत मिळते.

आणि बुकिंगची रक्कम देण्याआधी एक करा. विक्रेत्याकडे दोन्ही मॉडेल एकाच दिवशी मागा आणि पाऊस असेल तो दिवस निवडा. कावळा नाक्यापासून शहरातून, मग वाघबीळमार्गे पन्हाळ्यापर्यंत आधी सहा सिलिंडरची गाडी न्या, नंतर व्ही-८ ची, आणि परतताना दोन्ही वेळा स्वतः मागच्या आसनावर बसा. आपल्या घराच्या गल्लीत वळवून, फाटकातून आत घेऊनही पाहा. उरूसची रुंदी आरसे सोडून दोन मीटरच्या वर आहे, आणि माझ्या फाटकाचा एक खांब मला गाडी आल्यानंतर तोडावा लागला होता.